द्रवरूप खाद्यपदार्थांचा प्रवाह : तापमान व कर्तन यांच्या परिणामांचे विवेचन

बीजसंज्ञा : श्यानता, कर्तनदर, आभासी श्यानता, घातांक नियम, प्रारंभिक प्रतिबल, थिक्सोट्रॉपी

प्रस्तावना

द्रव पदार्थ कसा वाहतो हे सांगण्यासाठी व्यवहारात आपणांस 'पातळ' आणि 'दाट' हे दोन शब्द पुरतात. ताक पातळ, आमरस दाट. दूध पातळ, काकवी दाट. विज्ञानाने या दोन शब्दांच्या जागी 'श्यानता' ही एक मोजता येणारी राशी आणली आणि पदवीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एरंडेल तेलात पोलादी गोळी सोडून स्टोक्सच्या पद्धतीने ती काढणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ झाला. विद्यार्थी एक आकडा काढतो, प्रमाणित आकड्याशी तो ताडून पाहतो आणि त्रुटीची टक्केवारी लिहितो. एरंडेलापुरते हे योग्यच आहे. परंतु हीच सवय घेऊन आपण दह्याकडे किंवा आमरसाकडे वळलो, तर 'याची श्यानता किती?' हा प्रश्नच अपुरा ठरतो.

प्रस्तुत लेखकास या अपुरेपणाची जाणीव पुस्तकातून न होता स्वतःच्या चुकीतून झाली. एका प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांच्या तीन गटांनी एकाच भांड्यातील दह्याची श्यानता फिरत्या दांड्याच्या उपकरणाने मोजली. तीन गटांची तीन उत्तरे आली आणि सर्वांत मोठे व सर्वांत लहान उत्तर यांत कित्येक पटींचा फरक होता. मधले उत्तर ग्राह्य धरून उरलेल्या दोन गटांचे गुण कापले गेले. पुढे वह्या पुन्हा चाळताना लक्षात आले, की तिन्ही गटांनी दांडा वेगवेगळ्या गतीने फिरविला होता आणि तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. चूक परीक्षकाची होती. असा गैरसमज प्रयोगवहीपुरता राहिला तर नुकसान थोडे. तोच कारखान्यातील पाश्चरीकरण यंत्राच्या आखणीत किंवा रुग्णाच्या पेजेच्या वाटीत उतरला, तर मात्र प्रश्न आरोग्याचा होतो. म्हणून तापमान आणि कर्तन हे दोन घटक द्रवरूप खाद्यपदार्थांचा प्रवाह कसा बदलतात, याचे विवेचन विविध विद्याशाखांतील अध्यापकांना उपयुक्त ठरेल अशा रीतीने करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कर्तन : संकल्पना व पार्श्वभूमी

टेबलावर पत्त्यांचा कॅट ठेवून वरच्या पानाला हाताने पुढे सारले, तर प्रत्येक पान खालच्या पानावरून थोडे थोडे सरकते आणि सर्वांत खालचे पान जागेवर राहते. वाहणाऱ्या द्रवाचे थरही असेच एकमेकांवरून सरकतात. या सरकण्याला कर्तन अथवा शिअर म्हणतात. थरांना सरकविण्यासाठी दर एकक क्षेत्रफळावर लावावे लागणारे बल म्हणजे कर्तन प्रतिबल, आणि एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत वेग किती झपाट्याने बदलतो ते मान म्हणजे कर्तनदर. एक मिलिमीटर अंतरावरील दोन पट्ट्यांपैकी वरची पट्टी सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर मधल्या द्रवातील कर्तनदर प्रतिसेकंद १०० एवढा होतो. कर्तन प्रतिबलास कर्तनदराने भागले असता श्यानता मिळते.

न्यूटनने १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया'च्या दुसऱ्या खंडात असे गृहीत धरले होते, की द्रवाचा विरोध हा थरांच्या सापेक्ष वेगाच्या प्रमाणात असतो. हे गृहीतक ज्यांना लागू पडते ते न्यूटनीय द्रव होत. त्यांच्या बाबतीत तापमान स्थिर ठेवल्यास श्यानता एकच राहते, मग ढवळणे मंद असो की जोराचे. पाणी, दूध, खाद्यतेल, साखरेचा पाक, गाळलेला उसाचा रस आणि बहुतेक मध या वर्गात मोडतात. नळीतून वाहणाऱ्या अशा द्रवाचा नियम १८४० च्या सुमारास प्वाझय या फ्रेंच वैद्यकाने प्रयोगान्ती बसविला. रक्ताभिसरणाच्या कुतूहलापोटी तो या प्रश्नाकडे वळला होता, आणि रक्त मात्र स्वतः न्यूटनीय नाही, ही विज्ञानेतिहासातील एक गमतीची बाब होय.

जे द्रव या गृहीतकात बसत नाहीत त्यांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकातच सुरू झाला. १९२० मध्ये या शास्त्राला 'रिऑलॉजी' हे नाव देणारा यूजीन बिंगॅम हा अमेरिकेतील लाफायेत महाविद्यालयात रसायनशास्त्राचा अध्यापक होता. एका महाविद्यालयीन अध्यापकाने नाव दिलेल्या या शास्त्राला आपल्या पदवी अभ्यासक्रमांत मात्र फारशी जागा मिळालेली नाही.

तापमानाचा परिणाम : पाक व काकवी

द्रव तापविला की पातळ होतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. द्रवातील रेणूला एका जागेवरून शेजारच्या जागी जाण्यासाठी भोवतालच्या रेणूंचे आकर्षण तोडून निसटावे लागते. तापमान वाढले, की अशी निसटण्याइतकी ऊर्जा असणाऱ्या रेणूंचे प्रमाण घातांकी रीतीने वाढते. रासायनिक अभिक्रियांच्या वेगासाठी अऱ्हेनियसने मांडलेले समीकरण श्यानतेसही बऱ्यापैकी लागू पडते ते यामुळेच. त्या समीकरणातील सक्रियण ऊर्जा ही राशी जितकी मोठी, तितका तो द्रव तापमानाला अधिक संवेदनशील.

पाण्याची श्यानता २० अंश सेल्सियसला सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते. ४० अंशांना ती ०.६५ होते. येथे सक्रियण ऊर्जा प्रतिमोल १६ किलोजूलच्या आसपास येते. वजनाने ६० टक्के साखर असलेल्या पाकाची श्यानता २० अंशांना सुमारे ५७, तर ४० अंशांना सुमारे २१ मिलिपास्कल-सेकंद असते. म्हणजे वीस अंशांच्या वाढीने पाण्याची श्यानता दोन-तृतीयांशावर येते, तर घट्ट पाकाची जवळजवळ एक-तृतीयांशावर. पाकातील साखरेचे रेणू आकाराने मोठे असून आपसांत व पाण्याशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात. त्यांना हलविण्यास लागणारी ऊर्जा अधिक, म्हणून उष्णतेचा परिणामही अधिक. यावरून मिळणारा नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : विरघळलेल्या साखरेचे प्रमाण जितके जास्त, तितका तापमानाचा प्रभाव मोठा. प्रयोगशाळेतील आपले जुने एरंडेल तेलही याच जातीचे. त्याची श्यानता २० अंशांना साधारण एक पास्कल-सेकंद, तर ३० अंशांना त्याच्या निम्म्याहून कमी असते. वर्गातील तापमानाची नोंद न करता काढलेला डिसेंबरमधील आकडा मे महिन्यातील आकड्याशी जुळत नाही, याचे नवल वाटू नये.

गुऱ्हाळावर हाच नियम उलट्या बाजूने पाहावयास मिळतो. काहिलीतील रसाचे तापमान सारखे वाढत असते, तरीही रस दाट होत जातो. कारण पाणी उडून जात असल्याने साखरेचे प्रमाण उष्णतेच्या परिणामावर मात करते. काकवी काढावयाची तर उकळबिंदू पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा थोडासाच वर गेलेला असताना काहील उतरवावी लागते; गुळासाठी हे तापमान ११६ ते ११८ अंशांच्या आसपास जावे लागते. अनुभवी गुळव्या तापमापक वापरीत नाही. उचललेल्या पळ्यातून पाक धारेने पडतो की पडद्यासारखा, आणि थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळते की नाही, हे तो पाहतो. पहिली कसोटी तापलेल्या पाकाच्या प्रवाहाची आहे, तर दुसरी तापमान एकाएकी खाली आणून तोच पाक थंड झाल्यावर कसा वागेल याचा अंदाज घेणारी. ज्याला आपण अनुभव म्हणतो त्यात श्यानता-तापमान वक्राचे दोन बिंदू दडलेले असतात, असे म्हणण्यास हरकत नाही.

मधाच्या बाबतीत तापमान हे साधन हात राखून वापरावे लागते. मध तापविला की झरझर वाहतो, गाळणे व बाटल्यांत भरणे सोपे होते. परंतु उष्णतेने त्यातील फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सीमिथिल फरफ्युराल तयार होते, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एचएमएफ म्हणतात. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात या द्रव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे किलोग्रॅमला ४० मिलिग्रॅम, तर उष्ण प्रदेशांतील मधासाठी ८० मिलिग्रॅम अशी आहे. प्रवाह सुलभ करण्याची किंमत गुणवत्तेत मोजावी लागते, ती अशी.

कर्तनाचा परिणाम : आमरस व सॉस

आता आमरस घ्या. त्यातही साखर असते, पण आमरसाचा दाटपणा मुख्यतः साखरेमुळे नसतो. तो आंब्याच्या पेशींचे तुकडे, तंतू व पेक्टिन यांच्या एकमेकांत गुंतलेल्या जाळ्यामुळे असतो. रस स्वस्थ असताना हे जाळे टिकून असते. ढवळू लागताच तुकडे सुटे होतात, प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि विरोध कमी होतो. कर्तनदर वाढेल तसतशी श्यानता घटत जाते. अशा द्रवांना कर्तनाने पातळ होणारे द्रव म्हणतात आणि एका विशिष्ट कर्तनदराला मोजलेल्या त्यांच्या श्यानतेस आभासी श्यानता म्हणतात. 'आभासी' याचा अर्थ खोटी असा नव्हे. ती त्या दरापुरतीच खरी असते.

या वर्तनासाठी घातांक नियम वापरला जातो : कर्तन प्रतिबल हे दाटपणाचा गुणांक गुणिले कर्तनदराचा 'न' वा घात एवढे असते. 'न' ची किंमत १ असेल तर द्रव न्यूटनीय; १ पेक्षा जितकी कमी, तितका तो कर्तनाने अधिक पातळ होणारा. आंबा, टोमॅटो, पेरू अशा फळांच्या गरांसाठी 'न' साधारणतः ०.२ ते ०.४ च्या दरम्यान आढळतो. उदाहरणादाखल 'न' ०.३ आणि दाटपणाचा गुणांक एसआय एककांत ६ असलेला एक गर कल्पू या. प्रतिसेकंद १ या कर्तनदराला त्याची आभासी श्यानता ६ पास्कल-सेकंद भरेल, १० ला १.२, १०० ला सुमारे ०.२४ आणि १००० ला सुमारे ०.०५. एकच पदार्थ, एकच तापमान, तरीही पहिल्या व शेवटच्या आकड्यांत शंभरपटींहून अधिक अंतर! वाटीतून ओघळताना कर्तनदर प्रतिसेकंद १ ते १० च्या घरात असतो, चघळताना व गिळताना साधारण १० ते १००, तर नळीतून नेताना किंवा यंत्राने घुसळताना तो कित्येक शेकड्यांत जातो. म्हणून 'आमरसाची श्यानता' असे न म्हणता 'वाटीतली', 'तोंडातली' किंवा 'नळीतली' असे म्हणणे अधिक अर्थपूर्ण होईल.

टोमॅटो सॉसमध्ये आणखी एक गुण दिसतो. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी बल लावले, तर तो मुळीच वाहत नाही. या मर्यादेस प्रारंभिक प्रतिबल म्हणता येईल. ते २० पास्कल धरल्यास उभ्या पृष्ठभागावर जवळजवळ दोन मिलिमीटर जाडीचा थर स्वतःच्या वजनाने घसरणार नाही, असे साध्या गणिताने दिसते. बाटली उलटी केल्यावर सॉस अडून बसतो, तळाला थाप मारताच एकदम भसकन बाहेर येतो. त्याचे कारण थापेने मर्यादा ओलांडली जाते आणि ती ओलांडताच श्यानताही घसरते. १९२६ मध्ये हर्शेल व बल्कली यांनी प्रारंभिक प्रतिबल आणि घातांक नियम एकत्र करणारे समीकरण दिले. वितळलेल्या चॉकलेटसाठी १९५९ चे कॅसनचे समीकरण रूढ झाले. तेथे मापन ४० अंशांना करण्याचा संकेत आहे, कारण कोको बटर वितळलेले नसेल तर आकड्याला काही अर्थ राहत नाही.

उलट दिशेचे उदाहरण वर्गात सहज दाखविता येते. कच्च्या कॉर्नफ्लोअरची पाण्यात केलेली दाट लापशी हळू ढवळली तर वाहते, झटक्याने ढवळली तर घट्ट होते. मात्र असे पदार्थ आहारात विरळाच.

कोणती कळ कोठे फिरवावी

तापमान व कर्तन हे दोन्ही घटक श्यानता कमी करतात एवढे म्हणून थांबणे पुरेसे नाही. कोणत्या पदार्थावर कोणता घटक प्रभावी ठरतो, हा खरा प्रश्न आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो बहुधा निसटतो.

काकवीवर कर्तनाचा परिणाम नगण्य. ती कितीही ढवळली तरी तितकीच दाट राहते. उष्णता मात्र तिला पाहता पाहता पातळ करते. आमरसाचे याच्या नेमके उलटे आहे. त्याची सक्रियण ऊर्जा प्रतिमोल १० किलोजूल धरली, तर २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवूनही त्याची श्यानता सुमारे ६० टक्क्यांवरच येते. उष्णता केवळ तंतूंमधल्या पातळ रसाला अधिक पातळ करते; तंतूंच्या जाळ्याला ती फारसा धक्का लावीत नाही. तेच काम कर्तनदर दुप्पट-अडीचपट केल्याने होते. सारांश काढावयाचा नसून कारण लक्षात घ्यावयाचे आहे : दाटपणा विरघळलेल्या द्रव्यामुळे असेल तर उष्णता, आणि तरंगत्या कणांच्या जाळ्यामुळे असेल तर कर्तन प्रभावी ठरते. गाळलेला व पेक्टिन काढलेला फळांचा रस आटविला, तर तो काकवीच्या गटात जातो. त्याच फळाचा गर मात्र दुसऱ्या गटात राहतो.

संशोधन करणाऱ्यांसाठी येथे एक सूचना आवश्यक वाटते. घातांक नियम पाळणाऱ्या द्रवाची सक्रियण ऊर्जा स्थिर कर्तनदराला काढली तर एक उत्तर येते आणि स्थिर प्रतिबलाला काढली तर दुसरे. पहिले उत्तर हे दुसऱ्याच्या 'न' पट असते. 'न' ०.३ असताना हा फरक तिपटीहून अधिक होतो. लघुप्रबंधांत अनेकदा केवळ 'सक्रियण ऊर्जा' एवढेच लिहिलेले आढळते. ती कोणत्या अटीवर काढली हे न लिहिल्यास दोन अभ्यासांची तुलना निरर्थक ठरते.

काळाचा घटक : चक्का, दही आणि कारवीचा मध

काही पदार्थांत कर्तन किती झाले याबरोबरच ते किती वेळ झाले यालाही महत्त्व असते. एकसारख्या गतीने ढवळत राहिले असता पातळ होत जाणाऱ्या आणि स्वस्थ ठेवल्यावर पुन्हा दाट होणाऱ्या वर्तनास थिक्सोट्रॉपी म्हणतात. दह्यातील केसिनचे जाळे नाजूक असते. ते एकदा मोडले की काही बंध पुन्हा जुळतात, काही कायमचे तुटतात. म्हणूनच विरजलेले कवडीचे दही आणि तेच ढवळून पुन्हा थंड ठेवलेले दही यांचा दाटपणा सारखा होत नाही. चक्का पुरणयंत्रातून काढताना आपण नेमके कर्तनच देत असतो. त्याने श्रीखंड एकजीव होते, परंतु हाच चक्का साखर घालून यंत्राने प्रमाणाबाहेर घुसळला तर तो सैल पडतो व थंड केल्यावरही पूर्ववत होत नाही. साखर चक्क्यातील पाणी ओढून घेते हेही त्याचे एक कारण आहे. सगळा दोष कर्तनाच्या माथी मारू नये.

मध सहसा न्यूटनीय असतो, असे वर म्हटले. याला अपवाद आहेत आणि त्यांतील एक आपल्या घरचा आहे. युरोपातील हीदर या झुडपाचा मध पोळ्यात जेलीसारखा बसून राहतो. यंत्रात फिरवून तो काढता येत नाही, त्यापूर्वी प्रत्येक कोठडीत सुया खुपसून तो हलवावा लागतो. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या मधातही थिक्सोट्रॉपी आढळल्याची नोंद मधविषयक वाङ्‌मयात आहे. महाबळेश्वर परिसरात कारवीच्या फुलोऱ्याचे वर्ष मधपाळांसाठी वेगळे असते ते केवळ उत्पन्नामुळे नव्हे. अशा मधाच्या एखाद्या नमुन्यास नेहमीच्या मधाच्या मापदंडाने मोजून 'दाटपणा संशयास्पद' असा शेरा देणे अन्यायाचे होईल.

उष्णतेने दाट होणारे पदार्थ

पिठले, कढी, आंबील, पेज यांच्या बाबतीत अऱ्हेनियसचे समीकरण चुलीवर पहिल्या काही मिनिटांतच मोडते. पिठातील स्टार्चचे कण साधारणतः ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतात, एकमेकांना खेटतात आणि श्यानता एकाएकी वाढते. पुढे जोराने घोटल्यास हे फुगलेले कण फुटतात व पदार्थ किंचित सैल होतो. निवताना स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन तो अधिक घट्ट होतो. ताटात वाढलेल्या पिठल्याचे थोड्या वेळाने काप पडू लागतात, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. अशा पदार्थाची श्यानता सांगताना केवळ त्या क्षणीचे तापमान सांगून भागत नाही. तो कोणत्या तापमानापर्यंत जाऊन आला, किती वेळ राहिला आणि किती घोटला गेला हा सगळा इतिहास सांगावा लागतो.

नळीतील प्रवाह आणि पाश्चरीकरण

नळीचा व्यास दुप्पट केला असता न्यूटनीय द्रवास तेवढ्याच प्रवाहासाठी लागणारा दाब सोळाव्या हिश्शावर येतो, हे प्वाझयच्या नियमाचे सुपरिचित फलित. 'न' ०.३ असलेल्या गरासाठी मात्र तो जेमतेम पावणेचारपटींनी कमी होतो. उलटपक्षी, असा गर दुप्पट वेगाने ढकलण्यास दाब दुप्पट लागत नाही, सुमारे २३ टक्केच अधिक लागतो. पंप निवडताना या दोन्ही गोष्टी पैशाच्या आहेत.

जिवाशी संबंध असलेली बाब वेगळी आहे. दुधाच्या सतत चालणाऱ्या पाश्चरीकरणात ७२ अंशांना किमान १५ सेकंद ही अट असते. तापलेला द्रव एका ठरावीक लांबीच्या नळीतून जातो आणि त्या प्रवासाला लागणारा वेळ हाच उष्णतेचा कालावधी होय. परंतु नळीतील सर्व कण सारख्या वेगाने जात नाहीत. मध्यावरचे सर्वांत पुढे धावतात. पातळ दूध खळाळत वाहत असल्याने त्यातील सर्वांत वेगवान कण सरासरीच्या साधारण १.२ पट वेगाने जातो. दाट न्यूटनीय द्रव शांत थरांनी वाहतो आणि तेथे मध्यावरचा वेग सरासरीच्या नेमका दुप्पट असतो. 'न' ०.३ असलेल्या गरासाठी हे गुणोत्तर सुमारे १.४६ येते. आता समजा, सरासरी मुक्काम १५ सेकंद धरून नळीची लांबी ठरविली. दाट पाकासारख्या पेयाचा मध्यावरील अंश तीत केवळ साडेसात सेकंद राहील आणि गराचा सुमारे दहा सेकंद. जिवाणू मरतात की नाही हे सरासरी ठरवीत नाही, सर्वांत घाईने निघून गेलेला घोट ठरवितो. दुधासाठी आखलेल्या यंत्रावर बासुंदी किंवा फळांचा गर घातलेले दूध चालवावयाचे असेल, तर आधी त्याचा प्रवाह शांत आहे की खळाळता हे तपासणे आणि शांत असल्यास नळीची लांबी सरासरीच्या दुपटीने धरणे हा सुरक्षित मार्ग होय. घातांक नियमाच्या द्रवास दुपटीपेक्षा कमी लांबी पुरली असती हे खरे, परंतु येथे काटकसर करण्याचे कारण नाही.

मापनाविषयी

ऑस्टवाल्डच्या केशिका-नलिकेत द्रव स्वतःच्या वजनाने उतरतो. पातळी घटते तसा कर्तनदरही बदलत जातो. त्यामुळे ते उपकरण न्यूटनीय द्रवांपुरतेच वापरावे. दही, गर, सॉस यांच्यासाठी निदान चार-पाच वेगवेगळ्या गतींवर वाचन घेता येईल असे फिरते उपकरण हवे, आणि अहवालात तापमान, गती, दांड्याचा क्रमांक व वाचनापूर्वी पदार्थ किती वेळ स्थिर ठेवला हे लिहिले पाहिजे. ज्या महाविद्यालयांत असे उपकरण नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. अमेरिकेतील केचपच्या मानकात बॉस्टविकचे साधे पन्हळ वापरले जाते : २० अंशांना ३० सेकंदांत केचप १४ सेंटिमीटरपेक्षा पुढे जाता कामा नये. पत्र्याची पन्हळ, पट्टी आणि घड्याळ एवढ्या सामग्रीत हा प्रयोग वर्गात करता येतो. त्यातून श्यानता मिळत नाही, तुलना मिळते. पण एकच सॉस १० अंशांना व ४० अंशांना किती पुढे जातो हे विद्यार्थ्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, की बराचसा विषय त्याच्या ध्यानी येतो.

गिळण्याची अडचण आणि दाट केलेले द्रव

पक्षाघातानंतर किंवा वृद्धापकाळी अनेकांना गिळण्यास त्रास होतो. यालाच वैद्यकात डिसफेजिया म्हणतात. पाण्यासारखा पातळ द्रव घशात फार वेगाने उतरतो, श्वासमार्ग वेळेवर मिटत नाही आणि द्रव फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांस द्रव दाट करून देतात. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक मार्गदर्शनात या दाटपणाच्या श्रेणी ठरविताना तापमान २५ अंश आणि कर्तनदर प्रतिसेकंद ५० अशी अट घातली होती. घट्ट रसासारख्या श्रेणीसाठी ५१ ते ३५०, तर मधासारख्या श्रेणीसाठी ३५१ ते १७५० मिलिपास्कल-सेकंद. पुढे आलेल्या आंतरराष्ट्रीय आराखड्याने उपकरणाची अट सोडून दिली. दहा मिलिलिटरची ठरावीक मापाची सिरिंज भरून दहा सेकंद वाहू द्यावी आणि किती द्रव उरला ते पाहावे : एक मिलिलिटरहून कमी उरल्यास तो पातळ, एक ते चार उरल्यास किंचित दाट, चार ते आठ उरल्यास सौम्य दाट, आणि त्याहून अधिक उरूनही थोडा वाहत राहिल्यास मध्यम दाट. ही कसोटी घरीही करता येते. अट एवढीच, की सिरिंजच्या नळकांडीची लांबी आराखड्यात दिल्याप्रमाणे असावी, कारण सर्व सिरिंजा सारख्या नसतात.

आपल्याकडे अशा रुग्णास बहुधा पेज, नाचणीची आंबील किंवा कॉर्नफ्लोअरने दाट केलेले दूध दिले जाते. वर सांगितलेले सर्व घटक येथे एकाच वाटीत येतात. स्वयंपाकघरात गरम असताना योग्य वाटलेली पेज रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचून निवेपर्यंत घट्ट होते. मग ती गिळल्यावर घशात अडकून राहण्याची भीती. ती सैल करण्यासाठी घरचे माणूस पाणी घालून जोराने ढवळते. फुगलेले कण फुटतात आणि पेज अपेक्षेपेक्षा पातळ होते. रुग्णाने अर्धी वाटी घेऊन तोच चमचा पुन्हा वाटीत बुडविला, तर लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्च तोडू लागते आणि उरलेली अर्धी वाटी हळूहळू पाण्यासारखी होते. झँथन या डिंकावर लाळेचा असा परिणाम होत नाही व तापमानानेही त्याची श्यानता फारशी ढळत नाही. म्हणून रुग्णालयांतील दाटी आणणाऱ्या भुकट्यांत त्याचा वापर वाढला. तो महाग पडतो हे खरे. पेजच द्यावयाची असेल, तर ती ज्या तापमानाला पाजावयाची त्या तापमानाला आणून, वाढण्याच्या वाटीतून वेगळी काढून, प्रत्येक वेळी सिरिंजने तपासून द्यावी. आणि चमचा एकदा तोंडात गेला की मोठ्या वाटीत पुन्हा बुडवू नये.